अठ्ठ्याहत्तर मिनिटांचं वजन

"पाणी मारेल शे येनामा! पाणी!"

आप्पांचा आवाज एवढा मोठा, की माझ्या स्टुडिओच्या काचेवर चिकटवलेले नवरा-नवरी तीन बोटं खाली घसरले. समोरच्या रसवंतीचा चरक थांबला आणि ऊस अर्ध्यात अडकून राहिला. त्या दिवशी नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत, असं मला पुढे एका ट्रकवाल्यानं सांगितलं. आप्पांना मी समोरासमोर ऐकलेलं असल्यामुळे मला ते लगेच पटलं.

आप्पांच्या एका हातात मी दिलेली डीव्हीडी होती आणि दुसऱ्या हातात मीच दिलेला पेनड्राईव्ह. दोन्ही हात ते तराजूच्या पारड्यांसारखे खालीवर करत होते. दोन्हीत एकच चित्रण होतं, आमच्या गावच्या ग्रामसभेचं. पेनड्राईव्हवर ही ग्रामसभा सहाशे बारा एमबीची भरत होती आणि डीव्हीडीवर चार हजार दोनशे नव्वदची. आप्पांनी घरच्या लॅपटॉपवर दोन्ही उघडून पाहिलं होतं, आकडे कागदावर उतरवून घेतले होते, आणि तो कागद सदऱ्याच्या खिशात घालून ते थेट माझ्या दुकानात आले होते.

"सहाशे बारानं हाई चार हजार कसं काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. "काय टाकं तू येनामा?"

मी म्हणालो, आप्पा, काही टाकलं नाही, डीव्हीडी केली की फाईल मोठी होतेच. का होते, असं त्यांनी विचारलं. आणि इथे मी, ज्यानं पंधरा वर्षांत लग्नांच्या हजारो डीव्हीडी बनवल्या, ज्याच्या डीव्हीड्या एकावर एक रचल्या तर सातपुड्याला दुसरा डोंगर मिळाला असता, तो मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. कारण मला माहीतच नव्हतं.

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डीव्हीडीकडे पाहिलं, आणि तक्रार अर्ज लिहायला निघून गेले.

आप्पांचं म्हणणं समजायचं तर त्यांचा धंदा समजला पाहिजे. आमच्या भागात हिवाळा लागला की शेतांच्या बाजूच्या मोकळ्या जागा लाल होतात. ओली मिरची आणून पसरायची, उन्हात वाळवायची, उलटवायची, पुन्हा वाळवायची. त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. आप्पांची पथारी सगळ्यात मोठी. विमानातून जाणाऱ्यांना खाली गालिचा दिसत असेल आणि नाकात गुदगुल्या होत असतील, इतकी मोठी. वाळल्या मिरचीचा मूठभर नमुना आप्पा कानाजवळ नेतात, मूठ आवळतात, आणि आवाजावरून सांगतात, ही काल वाळली, ही परवा वाळली, आणि हिच्यावर तुम्ही सकाळी पाणी शिंपडलंय. शेवटचं वाक्य ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणतात. वाळल्या मालावर हलकं पाणी मारायचं, म्हणजे वजन वाढतं; या लबाडीला आयुष्यभर तोंड दिलेला हा माणूस. त्यांच्या दृष्टीनं जगात वजन वाढण्याचं एकच कारण आहे. रात्रीतून कुणी जाडा झाला तरी आप्पा त्याच्याकडे संशयानं बघतात.

म्हणून त्यांना मी चोर वाटलो, याचं मला आजही वाईट वाटत नाही. उलट इतक्या वर्षांत आप्पांनी मला पहिल्यांदाच व्यापारी समजलं होतं.

आता ग्रामसभेचं. आमच्या गावची अंगणवाडी एका भाड्याच्या खोलीत भरायची, आणि त्या खोलीच्या तीन बाजूंना आप्पांची पथारी. वारा सुटला की मिरचीची धूळ थेट आत. बत्तीस पोरं एका वेळी शिंकायची, तेव्हा वरचा पत्रा उचलला जायचा आणि पुन्हा जागेवर बसायचा. हे मी स्वतः पाहिलंय. निदान ऐकलंय तरी. पोरांचे डोळे मात्र खरोखरच लाल असायचे, त्यात माझी भर काही नाही. तिथल्या सेविका, ज्यांना सगळं गाव ताई म्हणतं, ओल्या फडक्यानं एकेकाचे डोळे पुसत बसायच्या. बत्तिसाव्याचे पुसून होईपर्यंत पहिला पुन्हा रडायला लागलेला असायचा.

ताईंनी अंगणवाडीची इमारत मंजूर करून आणली होती. कशी आणली ते विचारू नका. तालुक्याच्या कार्यालयातल्या बाकावर त्या इतक्या वेळा बसल्या होत्या की तिथला शिपाई त्यांना रजेचा अर्ज द्यायचा. इमारतीला जागा हवी होती. गावात सरकारी जागा एकच, शाळेच्या शेजारची, वारा जिकडून येतो त्या टोकाची, आणि त्या जागेवर आप्पांच्या वडिलांच्या काळापासून मिरची पसरली जायची. कागदावर जागा गावाची होती, पण सवयीनं ती आप्पांची झाली होती. ग्रामसभेनं हात वर करून ठराव केला की ही जागा अंगणवाडीला द्यावी. ठरावाच्या बाजूनं अकरा हात जास्त पडले. ठरावासोबत चित्रण डीव्हीडीवर दोन प्रतींत जोडावं असा कार्यालयाचा जुना नियम होता, आणि महिनाअखेरपर्यंत सगळं गेलं नाही तर मंजूर इमारत दुसऱ्या गावाला जाणार होती. महिना संपायला आठ दिवस उरले होते. आप्पांचा अर्ज पोचला, गुरुवारी सुनावणी लागली. चित्रणात भेसळ आहे, असं अर्जात लिहिलं होतं.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत आल्या. बसल्या नाहीत. मी त्यांना नेहमीसारखं लांबलचक सांगायला लागलो, की हे तंत्रज्ञान आहे, हे फार खोल असतं, जपानातसुद्धा...

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माले इतलंच सांग. काही टाकं का तू येनामा?"

मी म्हणालो, नाही.

"मंग घाबरस काब?"

घाबरतो कशाला, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. खरं कारण असं, की गेली पंधरा वर्षं मी या प्रश्नाला थापा मारत आलो होतो. म्हसावदच्या एका वरबापानं हेच विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं होतं की पंगत जोरदार झाली की लग्न वजनदार होतं, आणि तो खूश होऊन गेला होता. दुसऱ्या एकाला सांगितलं होतं की डीव्हीडीत मी रंग जास्त भरतो. तिसऱ्याला सांगितलं की नवरीचे दागिने. लग्नात या थापा चालतात, कारण लग्नात कुणी अर्ज करत नाही. इथे बत्तीस पोरांच्या डोळ्यांचा सवाल होता, आणि माझ्याजवळ थापांशिवाय दुसरा माल नव्हता.

म्हणून मी ठरवलं, की गुरुवारपर्यंत हे शिकायचंच. दुकानावर "आज काम बंद" अशी पाटी लावली. बायकोला वाटलं मला ताप आलाय, तिनं काढा पाठवला. मी काढा प्यालो आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. इंटरनेटवर जे मिळेल ते वाचलं, सुरतेच्या एका एडिटिंगवाल्या मित्राला इतके फोन केले की शेवटी त्यानं दुसरा नंबर घेतला. आणि वाचलेलं पटेना म्हणून स्वतः प्रयोग केले.

पहिला प्रयोग माझ्या आयुष्यातला सर्वांत कंटाळवाणा सिनेमा आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर काळं फडकं बांधलं आणि दहा मिनिटं निव्वळ अंधार घेतला. ना माणूस, ना झाड, ना आवाज. मोबाईलमध्ये तो अंधार नऊ एमबीचा झाला. त्याची डीव्हीडीची फाईल केली, तर साडेपाचशे. मी खुर्चीतून उठलो. अंधार साडेपाचशेचा! आप्पा तिथे असते तर त्यांनी फडकं पिळून पाहिलं असतं.

पण त्या अंधारानंच मला वाट दाखवली. मोबाईल मोठा हुशार कंजूष आहे. तो पहिलं चित्र पूर्ण लिहून घेतो, आणि पुढे फक्त काय हललं तेवढंच टिपतो. भिंत हलली नाही, भिंत पुन्हा लिहायची नाही. अंधारात काहीच हलत नाही, तर तो पेन खाली ठेवून झोपतो. डीव्हीडीची पद्धत त्याच्या आधीच्या पिढीची. ती पद्धत दर अर्ध्या सेकंदाला सगळं चित्र परत नव्यानं लिहिते, भिंतीसकट, आणि मधल्या नोंदीही जाड अक्षरात करते. तिला असंच लिहावं लागतं, कारण डीव्हीडी प्लेयर जुनं यंत्र आहे, त्याला मोबाईलची बारीक घडी उलगडता येत नाही. त्यात माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण मी पंधरा वर्षांपूर्वी केलेली होती आणि नंतर कधी पाहिलीच नव्हती. ती खूण सांगायची की प्रत्येक सेकंदाला ठरलेला रतीब घाल, लागो न लागो. म्हणून नाच असो, अंधार असो, सारखाच रतीब. नवीन काही येत नाही. चित्र एका केसानंही साफ होत नाही. तेवढंच चित्र ऐसपैस बसतं.

ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पोरांच्या आहाराची पाकिटं मोजत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, एक पाकीट उचललं. कोरडं असताना हे मुठीत मावतं, त्या म्हणाल्या, शिजवलं की पातेलंभर होतं, पण पोराच्या पोटात जातं ते तेवढंच धान्य. मी म्हणालो, अगदी तेच मी सांगणार होतो. नंतर मी सगळ्या गावाला तो दाखला माझा म्हणून सांगितला, आणि इथेही तसाच सांगणार होतो, पण ताई हे वाचणार आहेत.

एक कबुली राहिली. ग्रामसभेच्या दिवशी माझा चांगला कॅमेरा एका लग्नात अडकला होता, म्हणून मी मोबाईलवर घेतलं. कार्डात जागा नव्हती म्हणून सर्वांत खालच्या दर्जावर घेतलं. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. त्यातली पन्नास तर नळाच्या पाइपावरून चाललेल्या भांडणाची.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही तालुक्याच्या कार्यालयात. साहेबांच्या खुर्चीवर मॅडम होत्या, घाटावरून नव्यानेच बदलून आलेल्या. आप्पा एका बाजूला, ताई आणि मी दुसऱ्या बाजूला, मध्ये माझा लॅपटॉप. मी आदल्या दिवशी आरशासमोर भाषणाची तालीम केली होती. पाकीट आणि पातेलं, कंजूष मोबाईल, अंधार, सगळं सांगितलं. मॅडमनी मान हलवली. आप्पांनी हलवली नाही. ते म्हणाले, मोबाईल याचा, मशीन याचं, अंधारही याचाच. मिरची पिकवणाराच तोलणार आणि तोच भाव सांगणार, असं कुठे असतं का?

मला हेच हवं होतं. मी बाह्या सरसावल्या आणि म्हणालो, आप्पा, तुमचा मोबाईल काढा. तुम्हीच काहीतरी घ्या, एक मिनिट. मी हात लावणार नाही. मॅडमसमोर त्याची डीव्हीडीची फाईल करू. सहा-सात पट वाढली नाही तर मी धंदा सोडतो. ताईंनी माझा शर्ट मागून ओढला, पण मी रंगात आलो होतो.

आप्पांनी खिशातून मूठभर मिरच्या काढल्या; त्या त्यांच्या खिशात असतातच, जसा इतरांच्या खिशात रुमाल असतो. मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. स्वतःचा भारी मोबाईल काढला आणि एक मिनिट त्या मिरच्यांचं चित्रण केलं, इतकं मन लावून की माझ्या हातून एकाही नवरीचं तसं झालं नसेल. मॅडम दोनदा शिंकल्या. फाईल लॅपटॉपवर घेतली. एकशे तीस एमबी. मी बटण दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकत गेली. सगळे पुढे वाकले.

फाईल तयार झाली. पंचावन्न एमबी.

मी डोळे चोळले. तो आकडा चोळूनही पंचावन्नच राहिला. वाढायच्या ऐवजी फाईल घटली होती, निम्म्याहून जास्त. त्या क्षणी माझा धंदा, माझं तोंड आणि ताईंची इमारत, तिन्ही एकाच खड्ड्यात पडताना मला दिसले.

आप्पा यावेळी ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात, दुखावलेल्या माणसासारखे म्हणाले, "मन्ही अर्धी मिरची कोठे गई?"

आधी माझ्यावर भेसळीचा आळ होता. आता चोरीचा आला.

मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. पळून जावं असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण ताई माझ्याकडे अशा बघत होत्या, जशा त्या रडणाऱ्या पोराकडे बघतात: डोळे पुसते, पण घरी जाऊ देणार नाही. मी परत लॅपटॉपसमोर बसलो. एका मिनिटाला पंचावन्न. माझ्या अंधाराची दहा मिनिटं, साडेपाचशे. मी त्या दोन आकड्यांकडे बघत राहिलो, आणि मग मला हसू फुटलं, इतकं जोरात की कारकून दारातून डोकावला.

मी मॅडमना म्हणालो, माझं चुकलं. फाईल वाढतेच असं नाही. डीव्हीडी मिनिटावर तोलते. तुम्ही काय आणलं, कशात घडी करून आणलं, तिला देणंघेणं नाही. एक मिनिट आणलंत, पंचावन्न. माझ्या फुटक्या मोबाईलनं मिनिटाला आठ एमबीच लिहिले होते, म्हणून ग्रामसभा फुगलेली दिसली. आप्पांच्या भारी मोबाईलनं मिनिटाला एकशे तीस लिहिले, म्हणून त्यांची मिरची घटलेली दिसली. ग्रामसभेत कुणी घातलं नाही, मिरचीतून कुणी काढलं नाही.

मॅडमनी पेन काढलं. कागदावर अठ्ठ्याहत्तर लिहिले, खाली पंचावन्न, आणि गुणाकार मांडायला लागल्या. त्यांचा पहिला अंक मांडून होईपर्यंत आप्पांनी उत्तर सांगितलं होतं.

"चार हजार दोनशे नव्वद."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा कागद काढला. त्यावर त्यांच्याच हातानं लिहिलेला आकडा, चार हजार दोनशे नव्वद. आप्पांनी दोन्ही कागद शेजारी धरून आकड्याला आकडा लावून पाहिला. मला वाटलं, संपलं.

"हिशोब बराबर शे," ते शेवटी म्हणाले. "पण माल दखू द्या."

याला मी मानतो. वजन जमलं म्हणून पोतं न उघडता घेणारा माणूस तो नव्हे. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, लावा, पूर्ण लावा. डीव्हीडी सुरू झाली. आप्पांनी खुर्ची पडद्याला नाक लागेल इतकी पुढे ओढली आणि अठ्ठ्याहत्तर मिनिटांची ग्रामसभा ते निवडायला बसले, जशी मिरची निवडतात. एकेक माणूस. हा आला होता, बरोबर. हा पण. याची बायको पण होती. नळाच्या भांडणात तर ते स्वतःच दोनदा दिसले. स्वतःला त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. पन्नास मिनिटं पाइपाचा वाद ऐकून कारकुनाला झोप लागली. मॅडमनी मध्ये सहा फायली निकाली काढल्या, म्हणजे माझ्यामुळे तालुक्याची प्रगतीच झाली. ताई हलल्या नाहीत.

मग ठराव आला. सरपंचांनी विचारलं, बाजूनं कोण कोण? हात वर गेले. आप्पांची बोटं टेबलावर मोजायला लागली, आणि एकदम थांबली.

"थांब. तठेच थांब."

मी चित्र थांबवलं. बायकांच्या बाजूला, मारुतीच्या ओट्याच्या खांबाआडून एक हात वर आला होता. माणूस खांबामागे, दिसत होता तो फक्त कोपरापासूनचा हात. कृश, म्हातारा. मनगटावर गोंदणाची विंचवाची नक्षी, आणि चार हिरव्या बांगड्या.

आप्पांचा चेहरा पांढरा पडला, आणि मग त्यांच्या मिरचीपेक्षा लाल झाला.

"हाऊ हात नंतर टाकेल शे," ते म्हणाले.

मॅडमनी विचारलं, कुणाचा आहे?

आप्पा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, तो हात आपल्या आईचा आहे. ते गोंदण साऱ्या गावात दुसऱ्या कुणाच्या हातावर नाही. आणि आई त्या दिवशी ग्रामसभेला आलीच नव्हती, घरी होती. पथारीवर राबून ती पथारी नवऱ्याबरोबर तिनेच उभी केली, ती कशाला या ठरावाला हात वर करेल? म्हणजे हा हात मागून चिकटवलाय, आणि एक हात चिकटवता येतो तर अकराही येतात.

गुणाकाराचं काय घेऊन बसलात, हा हात होता. आणि मीच त्या दिवशी मोबाईल धरून उभा होतो, तरी खांबामागे कोण बसलंय ते मी पाहिलं नव्हतं. बायकांच्या बाजूला कोण बघतं? आप्पा तर पहिल्या रांगेत त्यांच्याकडे पाठ करून बसलेले. या हातासाठी मी शपथ घ्यायला तयार होतो, पण कुणाची घेऊ?

ताई पहिल्यांदा बोलल्या. मॅडमना म्हणाल्या, जागेची पाहणी तशीही तुम्हाला करायचीच आहे. ती आजच करा. मोठी माय आत्ता पथारीवरच असेल.

आप्पांच्या आईला सगळं गाव मोठी माय म्हणतं. मॅडम उठल्या. सरकारी गाडीत मागे आम्ही तिघं: आप्पा, ताई आणि मी, मांडीवर लॅपटॉप, तो मी पाळण्यातल्या लेकरासारखा धरलेला. वाटेतल्या रनाळ्यापासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. एका खड्ड्यात उडालो तेव्हा माझं डोकं छताला लागलं आणि मला वाटलं, बरंच झालं, बेशुद्ध झालो तर उत्तर द्यावं लागणार नाही. शुद्ध गेली नाही. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना खोटं ठरण्याची भीती नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. त्यांना दुसरीच भीती होती.

दुपारचं ऊन सरळ पथारीवर पडलं होतं. लालच लाल. एका कडेला भाड्याची खोली, आत पोरं काहीतरी म्हणत होती, मध्येच एकजण शिंकला आणि मग सगळे. ताई गाडी थांबण्याआधीच उतरल्या, पण खोलीकडे गेल्या नाहीत, आमच्याबरोबर आल्या.

मोठी माय मिरच्यांच्या ढिगापाशी बसून देठ खुडत होती. डोक्यावर पदर, पुढे सूप, हात यंत्रासारखे चालू. एक देठ, दुसरा, तिसरा. त्या हातावर विंचू होता, चार हिरव्या बांगड्या होत्या. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. मी लॅपटॉप उघडला, पडद्यावर सावली धरली, आणि तो थांबलेला हात तिच्यापुढे केला. पथारीवरच्या बाया काम थांबवून बघायला लागल्या.

मॅडमनी शुद्ध भाषेत विचारायला सुरुवात केली, पण आप्पांनी त्यांना थांबवलं. ते आईच्या अगदी जवळ गेले, तिच्यावर त्यांची सावली पडली.

"माय," ते म्हणाले, "हाऊ हात कोना शे?"

मोठ्या मायनं पडद्याकडे पाहिलं. मग लेकाकडे. हातातला देठ खुडून तिनं मिरची सुपात टाकली.

"मन्हाच शे," ती म्हणाली. "बाजूले व्हय, ऊन अडी ऱ्हायनं."